वाडग्याखालची कुपी

“सर, एकदा जमलेलं पुन्हा का जमत नाही?”

“कुणाला?”

“मला. दुसऱ्या कुणाला?”

नदाफ सरांनी तिला खुर्ची दाखवली. खुर्चीवर कापसाचे पुंजके पडले होते. ते तिने रुमालाने झटकले आणि मग बसली.

सर पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि मिरजेला पुतण्याच्या घरी, मागच्या खोलीत राहायला आले. पुढच्या बाजूला पुतण्याचा गाद्यांचा कारखाना आहे. एरवी कापूस पिंजायचं यंत्र दिवसभर चालू असतं. त्या दिवशी रविवार, म्हणून बंद होतं. तरी कापसाचे बारीक तंतू त्या घरात नेहमीच तरंगत असतात. सरांच्या भुवयांवरही ते दिसतात. आधी मला वाटायचं, भुवया पिकल्यात.

सरांचे हात आता कापतात. लिहिता येत नाही. मुलांच्या एका मासिकासाठी ते विज्ञानाचे लेख सांगतात आणि मी उतरवून घेतो. त्या रविवारी त्यासाठीच बसलो होतो. लेख तसाच राहिला.

मुलीचं नाव ऋजुता खैरमोडे. साताऱ्याकडची, पुण्यात संशोधन करणारी. तिचे मार्गदर्शक एकेकाळी सरांचे विद्यार्थी होते. सर म्हणाले, “म्हणजे तू माझी नातच लागतेस.” तिला ते फारसं रुचलेलं दिसलं नाही. ती म्हणाली, की ती नातं काढायला आलेली नाही, साक्षीदार शोधायला आली आहे.

मग तिने सगळं सांगितलं. नीट, क्रमाने, एखादा वकील मांडतो तसं.

प्रथिनाचा एक अगदी लहान तुकडा तिने घडवला होता. असा, की पाण्यात सोडला की ते तुकडे आपले आपण एकमेकांना धरतात, त्यांचे डोळ्यांना न दिसणारे दोरे होतात, दोऱ्यांचं जाळं होतं आणि पाणी त्यात थिजून उभं राहतं. भाजलेल्या जखमेवर हे थिजलेलं पाणी ठेवायचं. नवी कातडी येताना वेलाला मांडव लागतो, तसा तो पेशींना मांडव. हे लोक त्याला जेल म्हणतात.

एकदा तिच्या कुपीत हे घडलं. इतकं स्वच्छ, इतकं नितळ, की कुपी रिकामी आहे असं वाटावं. तिने फोटो काढले, मोजमापं घेतली, लेख लिहिला. लेख छापून आला आणि कौतुकही झालं.

मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेने ते करून पाहिलं. पाणीच राहिलं. आणखी एकांनी करून पाहिलं. त्यांचंही पाणीच.

मग तिने स्वतः पुन्हा केलं, आणि पुन्हा, आणि पुन्हा…

“लोक म्हणतात, फोटो दुसऱ्याच कशाचा तरी आहे,” ती म्हणाली. “तोंडावर कुणी म्हणत नाही. मी कँटीनमध्ये गेले की विषय बदलतो, तेवढंच.”

संस्थेने तिला सांगितलं होतं, एकतर सगळ्यांसमोर करून दाखवा, नाहीतर लेख मागे घ्या. मागे घेतला, तर तो खोटा होता असंच सगळे धरून चालणार. मार्गदर्शक काही बोलत नव्हते. फक्त एवढंच म्हणाले, की मिरजेला जाऊन ये.

“मी खोटी नाही,” ती म्हणाली. “माझा तुकडाही खोटा नाही. काहीतरी वाईट आलंय बाजारातून. पूड तरी, नाहीतर पाणी तरी. तुम्ही बघा आणि तसं लिहून द्या. तुमचा शब्द कुणी मोडणार नाही.”

सर खुर्चीत पुढे सरकले.

“लेखात काय लिहिलंस? शेवटची ओळ सांग कृतीची.”

“‘जमेपर्यंत ठेवावे.’”

“किती वेळ?”

“जमेपर्यंत.”

“छान,” सर म्हणाले. “आमच्या शमशादच्या पाककृतीसारखं आहे. शिजेपर्यंत शिजवावे.”

मला हसू आलं. तिला आलं नाही.

ती सगळं सामान घेऊन आली होती. सरांनी खिडकीचा कट्टा मोकळा करून दिला. तिचा हात बघण्यासारखा होता. एक थेंब इकडेतिकडे नाही, एक कण सांडला नाही. बोटाएवढ्या काचेच्या कुपीत पाणी, पाण्यात तिचा तुकडा विरघळवलेला, आणि वरून चिमूटभर दुसरी पांढरी पूड. कुपी हलकेच फिरवली, पूड विरली. पाणी पाण्यासारखंच दिसत होतं.

तिने कुपी कट्ट्यावर ठेवली आणि समोर बसली.

सरही बसले.

थोड्या वेळाने तिने कुपी उचलली, उलटी केली, आतलं पाणी झाकणाकडे धावलं. तिने कुपी सरळ करून ठेवली.

पुन्हा थोड्या वेळाने तेच.

आणि पुन्हा.

“काय करतेस?” सरांनी विचारलं.

“तपासते.”

“मघाशी काय केलंस?”

“मघाशीही तपासलं. उलटी करायची. खाली आलं तर पाणी, नाही आलं तर जेल. सगळं जग असंच तपासतं, सर.”

“हे कृतीत लिहिलंस का?”

“कृतीत कसं येईल? ही कसोटी आहे. कृती वेगळी, कसोटी वेगळी.”

“हं…”

“पहिल्या वेळी नेमकं किती वेळात जमलं, ते मला सांगता आलं नव्हतं. सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. त्या प्रयोगशाळांनीही म्हणून सारखं तपासलं. मीही आता तपासते. एकदा वेळ हाती आली, की तोंडं बंद होतील.”

“पहिल्या वेळी का सांगता आलं नाही?”

तिने कुपीकडे पाहिलं. “राहून गेलं,” ती म्हणाली.



दुपारपर्यंत कुपीतलं पाणी आधी दुधाळ झालं, मग फाटलं. तळाशी पांढऱ्या चिंध्यांसारखं काहीतरी बसलं आणि वर नुसतं पाणी. तिने ती सरांसमोर धरली. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि थोडा विजयही होता.

“पाहिलंत? माझ्या हातात काही दोष आहे का, सांगा.”

“नाही. हात उत्तम आहे.”

“मग?”

“दुसरी कर.”

तिने मोठा श्वास सोडला. पण केली, पहिलीसारखीच, तेवढीच नेटकी. कुपी कट्ट्यावर ठेवून ती खुर्ची पुढे ओढणार, एवढ्यात सरांनी शमशादला हाक मारली आणि एक खोलगट वाडगा मागितला. शमशाद म्हणजे त्यांच्या पुतण्याची बायको. तिने स्टीलचा वाडगा आणून दिला आणि कशाला हवाय ते न विचारता गेली. या घरात त्याची तिला सवय असावी.

सरांनी वाडगा ऋजुताच्या हातात दिला. स्वतःच्या हातांवर त्यांचा भरवसा नव्हता.

“पालथा घाल. कुपीवर.”

तिने घातला. कुपी दिसेनाशी झाली.

“विसरलीस की उघड,” सर म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. “विसरले तर कशी उघडेन?”

“मग नको उघडूस.”

मला वाटलं, ती आता उठून जाईल. ती उठली नाही, पण वाडग्याकडे तोंड करून, हाताची घडी घालून बसली. पातेल्यातल्या मासळीवर नजर ठेवून मांजर बसतं तशी. सर्कस बघायला आलेलं पोरही एवढं टक लावून बघत नसेल. वाडग्यावर तिचा चेहरा वाकडातिकडा दिसत होता.

“शिराळकर,” सर मला म्हणाले, “आमच्या घराण्याचा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. जुन्या गादीतला कापूस जमून त्याचे गोळे झाले, की पिंजून ते सोडवायचे. सात पिढ्या आम्ही जमलेलं सोडवत आलो. आणि ही पोरगी जमवायला आलीय. पाहुणीचं घर चुकलं.”

ती म्हणाली, “मी जमवायला नाही आले. ते आपलं आपण जमतं. म्हणून तर त्याचं महत्त्व आहे.”

“असं?” सर म्हणाले. “मला वाटलं, तुला जमलं होतं.”

तिने मान पुन्हा वाडग्याकडे वळवली.

जेवणाच्या वेळी शमशाद भाकरी आणि रस्सा घेऊन आली. ताटं ठेवली आणि रस्सा वाढायला तिला वाडगा हवा होता. तो तिला कट्ट्यावर दिसला. तिने हात पुढे केला मात्र, ऋजुता खुर्चीवरून अशी उठली की पाण्याचा तांब्या कलंडला.

“त्याला हात लावू नका.”

शमशादने हात मागे घेतला. तिने सरांकडे पाहिलं. “चाचा, काय आहे त्यात? विंचू?”

“पाणी,” सर म्हणाले.

“पाण्याला झाकून कोण ठेवतं एवढं,” असं पुटपुटत ती पातेल्यातच पळी घालून वाढायला लागली. सांडलेलं पाणी मी पुसलं. ऋजुताने माफी मागितली, पण तिचं लक्ष अजून वाडग्यावरच होतं. भाकरीचा घासही ती न बघता तोडत होती.

जेवण झाल्यावर सर आरामखुर्चीत टेकले.

“ऋजुता, या शिराळकरांना समजावून सांग, तू काय करतेस. मुलांच्या मासिकात मला घालायचंय. आज त्यांचा रविवार फुकट गेला, निदान एवढं तरी होऊ दे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “काका, तुमचं शिक्षण काय?”

“दहावी. मग छापखाना. अक्षरांचे खिळे जुळवायचो. आता संगणकावर मजकूर बसवतो.”

तिला ते उत्तर फार आशादायक वाटलं नसावं. तरी तिने सुरुवात केली. परिषदेत बोलतात तसं ती बोलली. शब्द एकामागून एक आले, त्यातले बरेचसे इंग्रजी, आणि मला त्यांतलं ‘पाणी’ आणि ‘जखम’ एवढंच ओळखीचं वाटलं.

“कळलं नाही,” मी म्हणालो.

तिने तेच पुन्हा सांगितलं. जरा सावकाश आणि जरा मोठ्याने.

“आता ऐकू आलं,” मी म्हणालो. “पण कळलं नाही.”

सरांचे डोळे मिटलेले होते, पण पोट हललेलं मी पाहिलं.

तिने नाक ओढलं. मग खाली वाकून तिने फरशीवरचे कापसाचे पुंजके गोळा केले आणि माझ्यासमोर ठेवले.

“प्रथिन म्हणजे लांबलचक माळ आहे असं धरा, काका. मी तिचा चार मण्यांचा तुकडा घेतला. काही मणी पाण्याला जवळ करणारे, काही पाण्यापासून पळणारे. पण सगळ्या तुकड्यांच्या अंगात एक ताठा आहे. ते एकमेकांना दूर लोटतात. म्हणून पाण्यात वेगवेगळे फिरत राहतात.”

“माणसांसारखे.”

“तसं म्हणा. आता पाणी आंबट झालं, की तो ताठा उतरतो. मग पाण्यापासून पळणारे कुठे पळणार? एकमेकांच्या आड. पाठीला पाठ, पाठीला पाठ… असा दोरा होतो.” तिने पुंजका बोटांत फिरवून त्याचा दोरा केला. “दोऱ्यात दोरा अडकतो आणि त्यांचं जाळं होतं. जाळ्यात पाणी अडकतं.”

“मग त्यात पाणी किती?”

“जवळजवळ सगळं पाणीच. तुकडा अगदी नावाला. तरी उलटं केलं तर पडत नाही.” असं म्हणताना ती पहिल्यांदा हसली.

मी विचारलं, की आंबटच करायचं तर लिंबू का पिळत नाहीत. तिला हा प्रश्न आवडला. तिने सांगितलं, की आंबट एकदम ओतलं, तर जिथे थेंब पडतो तिथेच सगळे धावतात, गोळा होतो, आणि बाकीचे कोरडे राहतात. म्हणून तिने अशी पूड घातली होती, जी पाण्यात गेल्या गेल्या आंबट नसते. हळूहळू होत जाते, सगळीकडे सारखी.

“म्हणजे पंगत आहे,” मी म्हणालो. “एका पानावर आधी वाढलं की गर्दी होते. सगळ्या पानांवर एकदम वाढायचं.”

“बरोबर. एकदम आणि हळू.” ती पुढे सरकून बसली. “तुम्ही खिळे कसे जुळवायचे, काका?”

मी तिला दाखवलं. डाव्या हातात पट्टी धरायची आणि उजव्या हाताने खणांतून एकेक खिळा उचलून उलट्या बाजूने लावत जायचं.

“आता समजा, तुम्ही लागतील तेवढे खिळे एका पेटीत टाकले, पेटी बंद केली आणि घरी गेलात. दुसऱ्या दिवशी उघडली तर आत ओळ तयार.”

“कुठली ओळ?”

“त्या खिळ्यांत जी असेल ती.”

“पण ‘कप’ आणि ‘पक’ यांचे खिळे सारखेच असतात. पेटीला काय कळणार, मला कोणता शब्द हवाय?”

ती थांबली. मग इतकी हसली, की सरांनी एक डोळा उघडला.

“काका, हेच तर. माझं सगळं काम एवढंच आहे. ‘पक’ होताच येणार नाही, असे खिळे घडवायचे. दातेच असे ठेवायचे, की ‘क’च्या मागे ‘प’ बसतो, पण ‘प’च्या मागे ‘क’ बसत नाही. मग हाताची गरजच नाही.”

ती फरशीवर मांडी घालून बसली होती. तिने माझ्या कागदांवर चित्रं काढली, कागद संपल्यावर फरशीवर खडूने काढली. तुकड्याची एक बाजू किंचित बदलली तर दोऱ्याऐवजी नळी होते, दुसरी बदलली तर पोकळ गोळी होते, गोळीत औषध भरून पाठवता येतं. हे सगळं तिने मला सांगितलं आणि मला ते कळलं. मी चुकीचं बोललो की ती माझ्या हातातला खडू काढून घ्यायची. एकदा तर तिने मला “अहो, नाही हो” म्हणून दंडावर चापट मारली आणि तिच्या लक्षातही आलं नाही.

या गडबडीत शमशाद ओलं फडकं घेऊन आली. कट्टा पुसायला लागली. वाडग्याच्या अलीकडे पुसलं, पलीकडे पुसलं. वाडग्याजवळ आल्यावर तिने दचकून ऋजुताकडे पाहिलं.

ऋजुता मला पोकळ गोळीचं दार कसं उघडतं ते सांगत होती. तिने मान वर केली नाही.

शमशादने वाडगा होता तिथेच सोडला आणि गेली.

सरांचे दोन्ही डोळे आता उघडे होते.

उन्हं उतरली. बाहेर कुणीतरी रिक्षाचा भोंगा वाजवला आणि ऋजुताने घड्याळ पाहिलं. पुण्याची गाडी चुकेल म्हणून तिची एकच धांदल उडाली. सामान पिशवीत कोंबलं, हाताचा खडू ओढणीला पुसला, सरांना वाकून नमस्कार केला. लिहून द्यायचं काय झालं, हेही तिने विचारलं नाही.

“सावकाश जा,” सर म्हणाले.

मी तिला स्टँडपर्यंत पोहोचवायला निघालो. दारात थबकून मी मागे, कट्ट्याकडे पाहिलं. सरांनी कापतं बोट ओठांवर नेलं.



स्टँड तिथून चालत जाण्याइतकाच लांब आहे. वाटेत ती मोकळेपणी बोलत होती. म्हणाली, असं कुणाला तरी सगळं सांगून किती दिवस झाले. सध्या ती ज्याच्याशी बोलते तो एकतर परीक्षक असतो नाहीतर संशयी असतो.

मग थोडं चालल्यावर ती आपणहून म्हणाली, “सरांनी विचारलं ना, पहिल्या वेळी किती वेळ लागला ते का सांगता आलं नाही… राहून गेलं नव्हतं, काका. मी तिथे नव्हतेच.”

तिने सांगितलं ते असं. त्या दिवशी तिने कुपी तयार केली आणि तेवढ्यात मार्गदर्शक सगळ्यांसमोर तिला म्हणाले, की तुझ्या हातून हे होणार नाही. ती उलट बोलली. आवाज चढले. तिने कुपी फळीवर मागे ढकलली, हॉस्टेलवर गेली, दाराला कडी घातली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवलीसुद्धा नाही धड. दोन-तीन दिवसांनी आपलं सामान उचलायला म्हणून प्रयोगशाळेत गेली, कायमची निघून जायच्या बेताने. फळी आवरताना कुपी हाती लागली, आणि कुपीत ते होतं.

“आता हे लेखात कसं लिहिणार?” ती म्हणाली. “कृती काय, तर मार्गदर्शकाशी भांडावे आणि रुसून बसावे?”

आम्ही दोघंही हसलो. स्टँडवर गाडी लागली होती. कंडक्टर पुणे पुणे ओरडत होता.

तिचं हसू हळूहळू थांबलं.

“काका…”

“काय?”

“त्या वेळी मी एकदाही तपासलं नव्हतं.”

ती तशीच उभी राहिली. लोक तिला वळसा घालून गाडीत चढत होते. दोरे, जाळं, पंगत, हे सगळं ती मला दुपारभर सांगत होती. आता ते तिलाच कुणीतरी सांगत असावं, असा तिचा चेहरा दिसत होता. तिने उजवा हात वर केला. त्या हातात न दिसणारी कुपी धरली, उलटी केली, सरळ केली… पुन्हा उलटी केली.

“पाठीला पाठ लागत असणार,” ती अगदी हळू म्हणाली. “आणि मी दर वेळी हलवून…”

तिचा हात तसाच पिशवीत गेला. पिशवीत तिने शोधलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“कुपी.”

“कट्ट्यावर आहे,” मी म्हणालो.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“सरांनी बोलू दिलं नाही.”

गाडी निघाली. ऋजुता गाडीकडे न बघता वळली. परतीच्या वाटेवर ती माझ्या पुढे भराभर चालत होती. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिने विचारलं, “हे सगळं लिहावं लागेल ना? भांडण, हॉस्टेल, सगळं?”

 तिने ते मला विचारलं नव्हतं.

घरात दिवे लागले होते. सर त्याच आरामखुर्चीत होते. शमशाद दारातच उभी होती. ती म्हणाली, “आता तरी वाडगा मिळणार का?”

ऋजुता कट्ट्याजवळ गेली. वाडग्यावर हात ठेवला नाही.

“सर, मी विसरले.”

“हं.”

“विसरायचं ठरवून नाही. खरंच विसरले. गाडीपाशी गेल्यावर आठवलं.”

“मग उघड.”

तिने वाडगा उचलून शमशादच्या हातात दिला. शमशाद तो घेऊन गेली नाही, तिथेच थांबली.

कुपी होती तशीच होती. आत काही आहे असं वाटत नव्हतं. ऋजुताने ती दोन बोटांत धरली. उचलली. हात अर्ध्यावर थांबला.

तिने सरांकडे पाहिलं. 

मग तिने ती उलटी केली. अगदी सावकाश.

काही पडलं नाही.

कुपीत मधोमध कापसाचा एक बारीक तंतू होता. कुपी बंद करण्याआधी कधीतरी उडून आत पडला असावा. तो ना वर जात होता ना खाली. जिथे होता तिथेच, दिव्याच्या उजेडात, धरून ठेवल्यासारखा उभा होता.

“या अल्ला,” शमशाद म्हणाली. “पाणीच आहे की.”

ऋजुताने कुपी तशीच उलटी धरून ठेवली. कितीतरी वेळ.  तरी तंतू हलला नाही.

“लिहीन मी,” ती म्हणाली. “जमेपर्यंत ठेवावे, एवढंच लिहिलं होतं. आता नीट लिहीन. मी कुठे होते तेही.”

सरांनी मान हलवली.

तिने कुपी सरळ करून कट्ट्यावर ठेवली. डोळे पुसले आणि वळली.

“सर, जमलं.”

सरांनी भुवईवरचा कापूस काढला, बोटांत धरला, बघितला… आणि फुंकर घातली.

“कुणाला?”